अळीकाकांच्या अकरा अळ्या

अळीकाका घरात आले की आधी भाजीची टोपली बघत, मग माणसं. फ्लॉवरात अळी निघाली की आम्ही बायका किंचाळायचो, आणि हे पुढे होऊन तिला अलगद तळहातावर घेऊन विचारायचे, "काय बाई, जेवण झालं का?" आम्हाला मेलं इतक्या आस्थेने कोणी कधी विचारलं नाही!

बनारसला बालाजी घाटाजवळ आमच्या खालच्या मजल्यावर ते एकटेच राहत. विद्यापीठात किड्यांचं शास्त्र शिकवत. कुठला किडा कुठलं पान खातो आणि ते पान काढून घेतलं तर काय करतो, हा त्यांचा जन्माचा ध्यास. हाताला लागेल त्या कागदाच्या पाठीवर नोंदी करायच्या ही खोड. विजेचं बिल, लग्नपत्रिका, काही सुटत नसे. एकदा मुंजीचं आमंत्रण सासूबाईंनी उलटून पाहिलं, तर मागे लिहिलेलं, 'विष्ठा हिरवी, समाधानकारक.'

श्रावणात त्यांची चंगळ. महादेवाला बेल वाहायचा तो अखंड, भोक पडलेला चालत नाही. मंगला गौरीच्या देवळापर्यंतच्या मराठी बायका निवडून टाकलेली पानं त्यांच्या दारात आणून ओतायच्या. "देवाला कोरी, मला कुरतडलेली. वाटणी उत्तम आहे," म्हणत ते पानं उलटीसुलटी करत बसायचे.

मी लग्न होऊन साताऱ्याहून आले तेव्हाची गोष्ट. आमच्या घराने तीन पिढ्यांत तेलसुद्धा बनारसी करून टाकलेलं. सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, तेलाच्या वासाने माझ्या घशाखाली घास उतरेना. दीर-नणंदा आपसांत हिंदी बोलायच्या, मी चहावर दिवस काढायची. शेवटी वडिलांना पत्र लिहिलं, 'मला न्यायला या.' ते कमरेला खोचून मी पोस्टात टाकायची संधी शोधत होते, तेवढ्यात गच्चीवर, माकडं येऊ नयेत म्हणून लावलेल्या जाळीत, मला कुंडीतला कढीपत्ता दिसला! इथल्या स्वयंपाकात तो कुठला असायला? मी आनंदाने सगळा गमला ओरबाडला. पानांवर पक्ष्यांची शीट होती, ती झटकून टाकली आणि झकास कढी केली.

दुपारी काका आमच्याकडे जेवायला होते. भुरका मारून म्हणाले, "वा, सूनबाई! कढीपत्ता कुठला?"

"वरच्या जाळीतला."

वाटी तशीच टाकून काका गच्चीकडे धावले. ती शीट नव्हती हो! लिंबावर येतं ना ते काळं-पिवळं फुलपाखरू, त्याच्या, काकांनी पाळलेल्या अळ्या होत्या. लहानपणी हुबेहूब शीट दिसतात, म्हणजे पक्षी खात नाहीत. काकांनी फरशीवरून एकेक वेचली. अकरा मिळाल्या. आसपास दुसरा कढीपत्ता नाही, लिंबाचं झाड नाही, घरात होता फक्त बेल. मी रडायला लागले.

"रडू नकोस. कागद दे."

कमरेला एकच कागद होता. त्यांनी पहिली ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं, पत्र उलटं केलं आणि लिहिलं, 'दिवस पहिला. बेलाला शिवल्या नाहीत.' मग म्हणाले, "हे बघ, प्रत्येक पानाचं कडू वेगळं असतं. ते पचवायला पोट आतून बदलावं लागतं. वेळ लागतो, आणि सगळ्यांना जमत नाही. या मोठ्या होईपर्यंत थांबशील? मग पत्र मीच टाकून येतो."

'दिवस दुसरा. हुंगून परत.' मी जाळीपाशी बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी एका पानाची कड खाल्लेली दिसली. मी अशी ओरडले की माकडं पळाली! त्या भरात काकांनी आणलेली कचोरी मी कधी खाल्ली, कळलंच नाही. काकांनी मात्र लगेच नोंद केली, 'सूनबाई, दीड कचोरी.'

अकरातल्या चारांचीच फुलपाखरं झाली, तीही अंमळ लहान. काका म्हणाले, "सातजणी गेल्या. खोटं सांगून तुला ठेवून घेणार नाही. टाकू पत्र?"

"आता कसलं टाकता? पाठीवर सगळी विष्ठा लिहून ठेवलीय!"

मी राहिले. काकांना मात्र म्हातारपणी, गुडघे गेल्यावर, पुतण्या पुण्याला घेऊन गेला. ते मूळचे तिथलेच. महिन्याने कार्ड आलं. 'सूनबाईस आशीर्वाद. बेलावर वाढलेल्याला परत कढीपत्त्यावर सोडलं तर काय होतं, हे पाहायचं राहिलं होतं. आता रोज पाहतो. दिवस तिसावा. हुंगून परत.'

मी कार्ड ठेवलं आणि लगेच कागद शोधला. मी पुतणसुनेला लिहिलं, बाई, काही कर, पण सरसोंचं तेल मिळव आणि त्यात नुसते बटाटे परतून दे. पंधरा दिवसांनी काकांचं एका ओळीचं कार्ड आलं, 'दिवस पंचेचाळिसावा. दीड पोळी.' मी ते घरभर नाचवलं.

पुढचं पत्र पुतण्याचं होतं, काका गेल्याचं. वाचून झालं आणि सवयीने मी ते उलटलं. पाठ कोरी होती. ती कोरी पाठ बघून मला जे रडू फुटलं, ते काही केल्या आवरेना.