भारनियमनाच्या भरवशावर

वसमतच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही दोघे भाऊ हमाली करायचो, तिथं वायरमन कधी ठेवलाच नाही. माझ्या थोरल्या भावानं गावात तारेवर आकडे टाकले होते, तेवढ्या शिक्षणावर मुकादमानं त्याला मिस्त्री करून टाकलं. फ्यूज उडाला की तो त्यात जाड तार कोंबायचा, म्हणजे पुन्हा उडायची भानगडच नको!

मेन स्विचचा दांडा एकदा खाली ओढला की वर बसत नसे. म्हणून मुकादमानं तो तारेनं करकचून वरच बांधून टाकला होता. दुरुस्ती करायची ती भारनियमनाच्या वेळात. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, आमच्या गाई भारनियमन राखायचं.

त्या दुपारी भाऊ मोटारीपाशी उकिडवा बसून सुटलेली तार जोडत होता. एक हात मोटारीच्या लोखंडावर. चारशिवाय लाईट येत नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. मी पलीकडं गाठी रचत होतो. एकाएकी सगळ्या मशिनी गुरगुरल्या.

भाऊ गुरासारखा हंबरला. त्याची मान मागं ओढली गेली, तार मुठीत आवळली. एक हमाल त्याला धरायला धावला, त्याला मी लाथ घालून पाडलं, नाहीतर दोघेही गेले असते. मुकादम मेनची बांधलेली तार सोडायला धडपडत होता. मी गाठी सरकवायचं लाकडी दांडकं उचललं आणि भावाच्या हातावर हाणलं. हात सुटला नाही. पुन्हा हाणलं, तेव्हा हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. तिसऱ्या तडाख्याला तो सरकीच्या ढिगावर आडवा झाला. श्वास चालू होता.

दांडकं हातात होतंच. मुकादमाच्या पाठीत दोन घातले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

सरकारी दवाखान्यात नेताना जीपमध्ये मुकादम भावाच्या कानाशी लागला, "मिस्त्री, हंगाम अजून लई बाकी हाय. काम पायजे ना? मग बराबर बोल."

डॉक्टरांनी विचारलं, "हात कसा मोडला?"

"भावाभावाचं भांडण, साहेब," मुकादमानं सदरा वर करून पाठ दाखवली. "यानं मला बी सोडलं न्हाई."

डॉक्टरांनी भावाकडं पाहिलं. त्यानं भाजलेला तळवा पोटाशी दाबून धरला.

"व्हय साहेब. भांडणच झालं."

माझं डोकं फिरलं. "दादा, काहून खोटं बोलून राहिला? मेला असतास ना रे!" मी त्याच्यावर धावून गेलो. जीव वाचवायला मारलं होतं, आता खरंच मारावंसं वाटलं.

"आधी या गुंडाला बाहेर काढा," डॉक्टर ओरडले.

दवाखान्याच्या दोन शिपायांनी मला दंडाला धरून ओढत नेलं. भाऊ भिंतीकडं बघत राहिला.