कुमुदताईंचा कान

कुमुदताई भाटकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. रत्नागिरीत मांडवीच्या हॉलमध्ये मुली टेबल टेनिस खेळत होत्या आणि राष्ट्रीय विजेत्या ताई टेबलाकडे पाठ करून खिडकीतून समुद्र बघत होत्या. मी सर्व्हिस केली मात्र, त्या न वळताच म्हणाल्या, "कोण गो ती नवीन? तिच्या बॅटचं रबर सुटलंय." बघते तर खरंच, एका कोपऱ्यात सुटलेलं! त्या दिवशी मी जी गोंधळले, ती ताईंच्या पंचाहत्तरीपर्यंत सावरलेली नाही. गौरव समितीने मुद्देसूद लिहायला बजावलंय. प्रयत्न करते.

ताईंचं कर्तृत्व आपण सारे जाणता. त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद अनेकदा मिळवलं, त्या परदेशात देशाकडून खेळल्या, पुढे राष्ट्रीय प्रशिक्षक झाल्या. पण सुट्टी मिळाली की मांडवीत हजर. शिकवण्याची रीत एकच: डोळे मिटा आणि चेंडूचा आवाज ऐका. त्यांच्या मते फिरकीचा चेंडू वेगळा वाजतो, टेबलाच्या काठाला चाटून गेलेला आणखी वेगळा. आम्हाला सगळे सारखेच वाजत. "आयकू येईल हळूहळू," म्हणत त्या पुन्हा पाठ फिरवत.

राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, अगदी शेवटी, समोरच्या मुलीचा चेंडू माझ्या बाजूच्या काठाजवळून निसटला. तो बाहेर गेला असं धरून पंचांनी गुण मला दिला. मी उडी मारणार, तोच माझ्याच बाकावरून ताई उठल्या. "काठाला लागला. गुण तिचा." पंचांनी निर्णय फिरवला आणि माझं विजेतेपद गेलं. संध्याकाळी ताईंनी मला घरी नेऊन बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. मोठी तुकडी माझ्या ताटात, पण सामन्याबद्दल चकार शब्द नाही. मला राग आवरत नव्हता, तरी तिखलं मात्र मी पुन्हा मागून घेतलं. पुढे कधीतरी ती मुलगी भेटली. म्हणाली, "मला तर चेंडू बाहेरच गेल्यासारखा वाटला होता." झालं! म्हणजे ताईंचंच चुकलं की काय? विचारायची माझी छाती झाली नाही.

आता तो हॉल मी चालवते. ताईंना अलीकडे ऐकू कमी येतं. यंत्र आहे, पण हॉलमध्ये आल्या की ते काढून पर्समध्ये ठेवतात. का, ते विचारू नका.

यंदा राष्ट्रीय शिबिराच्या निवडीचे सामने रत्नागिरीतच झाले. माझी विद्यार्थिनी झीनत शेवटच्या जागेसाठी खेळत होती. तिचे वडील आखातात जहाजावर, लेकीच्या फोनची वाट बघत थांबलेले. ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. सामना अटीतटीला आला आणि पुन्हा तेच! समोरच्या मुलीचा चेंडू झीनतच्या काठाजवळून गेला आणि पंचांनी गुण झीनतला दिला. ताई माझ्याकडे वळल्या.

"काय गो, लागला काय?"

मला आवाज आला होता. बारीक, कोरडा. खरंच आला, की इतकी वर्षं कान लावून बसल्यामुळे आल्यासारखा वाटला, देव जाणे. ताईंना ऐकू जावं अशा मोठ्या आवाजात माझ्या तोंडून गेलं, "लागला." झीनतने ते ऐकलं. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि हात वर करून पंचांना सांगितलं. ती सामना हरली.

बाहेर येऊन ती रडत म्हणाली, "मॅडम, तुम्ही कशाला हो बोललाव?" ताईंनी तिला जवळ घेतलं. "चल, घरी तिखलं केलंय."

रिक्षात मी अखेर धीर केला आणि ताईंच्या कानाशी ओरडून विचारलं, "ताई, तेव्हा माझ्या सामन्यात चेंडू खरंच लागला होता?"

"तुला आज आयकू आला ना? तसाच मला तेव्हा आला होता."

याला उत्तर म्हणायचं का? मी अजून विचार करतेय. जेवताना ताईंनी मोठी तुकडी झीनतच्या ताटात वाढली. झीनत मान खाली घालून जेवली आणि थोड्या वेळाने तिने पुन्हा तिखलं मागितलं.

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. कानांची चिंता त्यांनी करू नये. झीनत आता डोळे मिटून सराव करते, त्यामुळे ऐकायचं काम आम्ही दोघी बघू. फक्त "लागला काय?" असं विचारायला ताई शेजारी बसलेल्या हव्यात.