बांबूची खुंटी

जया राठोडच्या तोंडी लागू नये, असं आर्णीकडच्या शाळांमध्ये शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळे सांगतात. त्यात खोटं काही नाही. पण मुलांसाठी चालतं-फिरतं मॉडेल हवं असलं की हेच लोक तिच्या तांड्याची वाट धरतात. अडला हरी... पुढचं न बोललेलं बरं, जयाचे कान तिखट आहेत.

ती आयटीआयची फिटर, वर्गातली एकमेव मुलगी. त्याआधी शाळेत असताना कपाटातलं सूर्यमालेचं मॉडेल तिनं फिरवून पाहिलं, तर सरांनी बोटांवर लाकडी पट्टी मारली होती. तो राग चाळिशीतही विझला नव्हता. म्हणून तिच्या प्रत्येक मॉडेलला मुलांच्या हाताला येईल असं हँडल असतं आणि वर लाल रंगात लिहिलेलं असतं, 'हात लावा'.

यंदा एका शाळेसाठी तिनं रेचा, म्हणजे कापसातली सरकी काढायचं जुनं हातयंत्र, बनवला. हँडल फिरवलं की दोन रुळांमधून रुई पुढे जायची, सरकी अलीकडे पडायची. जन्मभर कापूस वेचणाऱ्या घरांतल्या पोरांनीही हे कधी पाहिलं नव्हतं. हँडल आणि गिअर यांच्यामध्ये तिनं बांबूची खुंटी बसवली होती आणि पन्नास खुंट्या तासून शेजारच्या डबीत ठेवल्या होत्या.

मुख्याध्यापक पुंडलिकरावांनी ती खुंटी पाहिली आणि नाक मुरडलं. "गिअर पितळेचा अन् आत बांबू? हे कच्चं काम पाहुण्यांसमोर कसं ठेवू, जयाबाई?"

"ते तुटाले पाह्यजे म्हणूनच घातली, सर. पोरानं लय जोर लावला तं खुंटी जाते, गिअर वाचते. रोटाव्हेटरले दगड लागला तं बोल्ट कायले तुटते? तुमच्या घरी तं ट्रॅक्टर हाय."

ट्रॅक्टर होता, पण तो भाऊ चालवायचा. चार शिक्षकांसमोर तांड्यावरच्या बाईनं शिकवलेलं पुंडलिकरावांना मिरचीसारखं लागलं.

"तुम्ही मॉडेल द्या," ते म्हणाले. "अक्कल आमच्याजवळ आहे."

मॉडेलच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांनी जयाला न विचारता खुंटी काढायला लावली आणि तिथे लोखंडी बोल्ट ठोकून घेतला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी फोटोसाठी ओंजळभर कापूस एकदम कोंबला. हँडल अडलं. टाळ्या चालूच होत्या, तेव्हा पाहुण्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला आणि गिअरचे चार दाते तुटून खाली पडले.

"मी म्हणलंच होतं, कच्चं काम आहे," पुंडलिकराव माईकमध्येच म्हणाले. "न्या हे भंगार."

सगळी शाळा जयाकडे पाहू लागली. अपमानानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं याचाच तिला जास्त संताप आला. तिनं पान्यानं बोल्ट सोडवला, पुंडलिकरावांच्या तळहातावर ठेवला.

"हा माहा नाही," एवढंच म्हणून तिनं रेचा ऑटोत चढवला.

महिनाभरात तिनं नवा गिअर कापला आणि रेचा तांड्यावरच्या मंदिराच्या ओट्यावर मांडला. आसपासच्या गावांतली पोरं यायला लागली. खुंट्या रोज तुटायच्या, पोरंच नव्या घालायची. पुढे शाळेची तपासणी लागली, मॉडेल कुठे आहे अशी विचारणा झाली, आणि पुंडलिकराव स्वतः तांड्यावर आले.

"मॉडेल शाळेचं आहे. परत द्या."

"पहिले चालवून पाहा."

त्यांनी कापूस घातला. घाईत जास्तच घातला. हँडल अडलं, त्यांनी रेटलं, आणि टक् करून खुंटी तुटली. पुंडलिकरावांनी झटकन हात पाठीमागे लपवला.

जयानं ते पाहिलं. तिला ते चांगलंच ओळखीचं होतं.

तिनं डबी पुढे केली. "नवी घाला. इथं मोडलं तं पट्टी नाही बसत, सर. घालता आली तं घेऊन जा."

पुंडलिकराव उकिडवे बसले. खुंटी त्यांनी जाड बाजूनं घातली, ती जाईना. जया ओट्यावर पाय सोडून पाहत बसली. तिनं मदत केली नाही.