करदोड्याखालची खपली
खोबरेल तेलाचा वास आला की मला रामदासपेठेतल्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. लेकीचा ताप पाच दिवस उतरत नव्हता, तिचे बाबा हिंगण्याला ड्युटीवर होते आणि त्यांचा फोन कंपनीच्या गेटवर जमा होता. तपासताना म्हाताऱ्या नर्सनं लेकीचा करदोडा सरकवला, तर खाली काळी खपली. "गवतातला किडा चावला हिले, ताप त्याचाच आहे. काहून नाही सांगितलं वं?" करदोडा घासला असं समजून मी रोज तिथं तेल लावत होते. नर्सनं करदोडा कापून माझ्या हातात दिला आणि डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं. कापलेला करदोडा मुठीत धरून मी बसून राहिले. माझी चूक जिला-ज्याला सांगावी, असं शेजारी कोणी नव्हतं. दोन दिवसांत ताप उतरला. आता ती होस्टेलला असते. ताप येऊन गेला, की मगच मला फोनवर सांगते.