अक्काच्या बोलणीचं पत्रक

लहानपणी तुम्ही काय वाचलंत, त्यावरून तुमच्या बहिणीचं लग्न मोडू शकतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मला आहे. धारवाडात माझी शाळा कन्नड. घरात छापील मराठी एकच: अप्पांच्या कोल्हापूरच्या मित्रांनी धाडलेली कामगार संघटनेची पत्रकं. इतर मुली राक्षसांच्या गोष्टी वाचायच्या, मी मालकांचा निषेध वाचायचे. (राक्षस माझ्याकडेही होता, फक्त त्याची गिरणी होती!) मोठेपणी लेखिका झाले, तीही पत्रकांचीच.

गेल्या वर्षी अक्काचं जमत आलं. हुबळीच्या देशपांडे नगरातला मुलगा, अक्काला मनापासून आवडलेला. त्याचे वडील मात्र जुन्या वळणाचे. बोलणीचं आमंत्रण फोनवर चालणार नाही, रीतसर मराठी पत्र हवं!

"तू लेखिका ना? मग लिही की!" अप्पा म्हणाले.

लिहिलं! एका बैठकीत, पेटून! कुणी वाचूनसुद्धा बघितलं नाही, इतका घरच्यांचा माझ्या मराठीवर विश्वास.

रविवारी मळमड्डीत आमच्या दारात दोन टेम्पो थांबले. येणार होते पाच जण. उतरले चाळीस! सोबत मुलाचे वकीलकाका, काखेत फाईल.

"अय्यो, उप्पीट पाचांचंच केलंय!" आईनं पुन्हा रव्याचा डबा काढला.

मुलाच्या वडिलांनी पत्र काढून वाचलं. "'प्रचंड संख्येने सामील व्हा! आता माघार नाही! अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल!'"

"परिणाम कोणते, तेवढं सांगा," वकीलकाका म्हणाले.

"मोडलंस गं माझं लग्न!" अक्का माझ्या कानात फुसफुसली.

मी उठले. "पत्र मी लिहिलंय. मला... पत्राचा शेवट एवढाच येतो!"

"आणि 'आमच्या मागण्या' लिहून खाली जागा कोरी का?" वकीलकाकांनी विचारलं.

"सुचल्या नाहीत!" (आयुष्यात पहिल्यांदाच!)

"मला सुचलीय एक," अक्का एकदम पुढे आली. "लग्नानंतर मी शाळेतली नोकरी सोडणार नाही."



"मान्य!" मुलगा ओरडलाच.

वडिलांनी त्याच्याकडे बघितलं, अक्काकडे बघितलं, मग भावाला म्हणाले, "वकीलसाहेब, फाईल उघडा. मान्य म्हणून लिहा."

आजवर मी ढीगभर पत्रकं लिहिली. त्यांतली एकच मागणी मान्य झाली, आणि नेमकी तीच मी लिहिली नव्हती!

म्हणून विनंती करते. घरात नुकतंच वाचायला लागलेलं पोर असेल, तर आजच त्याला गोष्टीचं पुस्तक आणून द्या. माकडाचं, मांजराचं, कसलंही! आणि माझं नवं पत्रक तुमच्या दारी आलंच, तर पोराला त्याची होडी करून द्या!