साडूभाऊंच्या चाळीस चुली

घरं बांधणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण आत माणसं राहत असताना, त्यांची भाकरी तव्यावर आणि लेकरू झोळीत असताना त्यांचं घर सुधारून दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो दुर्दैवाने माझा साडू निघाला. दुर्दैवाने अशासाठी, की बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा एवढा मोठा असला म्हणजे धाकटीच्या नवऱ्याला घरात काही किंमत राहत नाही. आमच्याकडे नळ गळला तरी बायको म्हणायची, "भावजींना विचारा." मी चिडायचो, आणि मग गुपचूप त्यांनाच विचारायचो.

नव्वदच्या दशकात मी सेनगाव तालुक्यात ग्रामसेवक होतो. माझ्याकडच्या एका तांड्यावर चाळीस घरकुलं होती. एक खोली, वर सिमेंटचा स्लॅब, आणि एक खिडकी, तीही कोंबड्या शिरतात म्हणून बहुतेकांनी विटांनी बुजवलेली. उन्हाळ्यात स्लॅब तापून आत भट्टी व्हायची आणि चुलीचा धूर बारा महिने आतच कोंडायचा. ही घरं आतल्या माणसांसकट सुधारायची, अशी एक योजना आली. घरोघर बिनधुराची चूल, धूर बाहेर नेणारं धुराडं, हवेला झरोके आणि स्लॅबवर चुन्याचा पांढरा लेप. सरपण कमी लागावं आणि घर थंड राहावं, एवढाच हेतू. देखरेखीला जो माणूस नेमून आला, तो आमचा साडू. आखाडा बाळापूरकडचे, उंचेपुरे, डोक्यावर रुमाल, आणि इतर लोक खिशाला पेन लावतात तिथे यांचा थर्मामीटर.

तो थर्मामीटर ही त्यांची दुसरी जीभ होती. कुठेही गेले की आधी तो भिंतीला टेकवायचे आणि मग यजमानांना रामराम करायचे. त्यांच्या मुलीसाठी स्थळ बघायला आम्ही कनेरगाव नाक्याला गेलो होतो. मुलगा चांगला, शेती चांगली, पोहे तर फारच चांगले. सगळं जमत आलं आणि हे उठून माजघरात गेले, थर्मामीटर लटकवून आले आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "पाव्हणं, पोरगं पसंत हाय. पण दुपारच्याला हितं माझी लेक भाजून निघंल. स्लॅबला चुना मारा, मग बोलू." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण आठ दिवसांत निरोप आला की चुना मारला आहे, येऊन हात लावून बघा. लग्न झालं. पुढे त्या आळीतल्या सगळ्यांनीच चुना मारला, कारण उन्हाळ्यात सगळे पाहुणे त्याच घरी जाऊन लोळायला लागले.

कामाचं वेळापत्रक म्हणून त्यांच्याकडे एक वही होती. ऑफिसच्या वहीत असतात तसे घर क्रमांक तिच्यात होते, पण पुढचा मजकूर असा असायचा: 'सून बाळंतीण, सव्वा महिना हात लावायचा नाही.' 'पोरगी दहावीला, परीक्षेनंतर.' 'म्हातारा आजारी, ठोकाठोकी नको, झरोका हातानेच कोरायचा.' 'नवरा-बायकोचं भांडण चालू, मिटल्यावर जाणे.' एकदा तपासणीला आलेले साहेब वही चाळून लालबुंद झाले. "एक नंबरनंतर दोन नंबर का होत नाही?" हे शांतपणे म्हणाले, "साहेब, नंबर घराला हाय. आतल्या माणसाला कुठं हाय?" आणि त्याच साहेबांना भर दुपारी त्यांनी स्लॅबवर चढवलं. अर्धा स्लॅब चुन्याचा, अर्धा कोरा. साडूभाऊ अनवाणी, एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, बूट काढा, अन् तुमीच बघा." साहेबांनी काढले. कोऱ्या बाजूला पाय ठेवताच त्यांनी जी उडी मारली तशी मी एकाही अधिकाऱ्याला मारताना पाहिलेली नाही. त्यानंतर वहीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

जुनी चूल ते सकाळच्या भाकरी झाल्यावरच मोडायचे आणि नवी वाळेपर्यंत वापरायला स्वतःच्या सायकलवर बांधून आणलेली लोखंडी चूल देऊन जायचे. कुणाच्याही घरी, कितीही घाई असली, तरी आधी उंबऱ्याबाहेर बसायचे. पाणी प्यायचे. मग विचारायचे, "येऊ का आत?" मला हा निव्वळ वेळेचा खेळखंडोबा वाटायचा. मी तर यादीवर खुणा करून मोकळा होणारा माणूस.

त्या तांड्यावर एक म्हातारी होती. तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. तिची सून तान्ह्या लेकीला घेऊन माहेरी गेली होती आणि परत यायला तयार नव्हती. पोरीची छाती सारखी घरघरायची. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीला धुरात ठेवू नका. म्हातारीला ती एकच नात. ती रोज साडूभाऊंची वाट अडवून म्हणायची, "साहेब, माजी चूल आधी करा. माजं लेकरू परक्या दारात हाय." साडूभाऊंनी चूल केली. भिंतीतून पाइप काढून धुराडं बाहेर उभं केलं. थंडीतच सून लेकीला घेऊन परत आली आणि म्हातारी पोरीला कडेवर घेऊन तांडाभर मिरवली. हळूहळू चाळीसही घरं झाली. मी 'काम पूर्ण' अशी यादी वर पाठवून दिली.

होळी झाली आणि आम्ही सहज तिकडे गेलो, तर याडीच्या धुराड्यातून धूरच दिसेना. आत गेलो तर डोळे चुरचुरले. पाइपाच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबलेला. कोपऱ्यात पोर पुन्हा घरघरत होती आणि सून भरली पिशवी घेऊन दाराशी बसली होती. शेजारच्या घरांतही तोच प्रकार. मी तिथेच वैतागून म्हणालो की या लोकांना चांगलं करून उपयोग नाही. साडूभाऊ मात्र उंबऱ्याकडे वळले. नेहमीप्रमाणे बाहेर बसले, पाणी प्यायले आणि विचारलं, "याडी, काहून बुजवलं?"

म्हातारीने त्यांना आत नेलं आणि चुलीच्या वर स्लॅबच्या कडीला टांगलेल्या कणसांची जुडी काढून त्यांच्या हातात दिली. पेरणीसाठी राखलेली ज्वारी आणि मका. त्यांनी कणीस चोळलं तर तळहातावर पीठ आणि सोंडे किडे. म्हातारी म्हणाली, "धूर व्हता तवा बियाण्याला कधी कीड लागली न्हाई. तुमी धूर नेला. आता पेरू काय? अन् धूर ठेवला तर ही पोरगी लेकरू घेऊन चालली. तुमीच सांगा साहेब, म्या काय करू?"

साडूभाऊंनी वर कडीकडे बघितलं. इतकी वर्षं भल्याभल्यांना गप्प करणारा तो माणूस तळहातावरच्या पिठाकडे बघत होता. मग म्हणाले, "चूक माजी हाय, याडी. म्या चुलीकडं बघितलं. वरती बघितलंच न्हाई." आणि त्यांनी चक्क हात जोडले. मी हलक्या आवाजात म्हणालो, "साडूभाऊ, यादी गेलीय. काम पूर्ण दाखवलंय." ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "यादीत पूर्ण हाय, साडूभाऊ. घरात कुठं हाय?" मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

त्यांनी सुनेकडे दोन दिवस मागितले. सुनेने पिशवी खाली ठेवली, पण रिकामी केली नाही. या माणसाने त्या दोन दिवसांत काय करावं? भंगारातून पत्र्याचं एक पिंप आणलं, त्याला वरच्या बाजूला भोकं पाडली आणि घराबाहेर, म्हातारीचा हात पोचेल इतक्या उंचीवर धुराड्यात बसवलं. आत कणसं टांगायला सळई, बाजूला झाकण. धूर घरातून निघायचा, पिंपातल्या बियाण्याला शेक द्यायचा आणि निघून जायचा. चूल पेटवली तेव्हा आम्ही सगळे आत दाटीवाटीने बसलो होतो. घरात धुराचा एक पदरही नाही. म्हातारीने नातीला मांडीवर घेतलं आणि सुनेने पिशवीतले कपडे काढून परत दांडीवर टाकले. साडूभाऊ उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो तर भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. म्हणाले, "धूर गेला डोळ्यांत." मी मान डोलावली. पुढचे कितीतरी दिवस ते एकेका घरी जाऊन माफी मागत होते आणि पिंप बसवत होते. मी यादी परत मागवली. माझ्या नोकरीतलं ते एकच धाडस.

या गोष्टीला आठ-नऊ वर्षं झाली आणि एका सकाळी साडूभाऊ अचानक गेले. बाळापूरला सगळं उरकल्यावर तिसऱ्या दिवशी मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तांड्यावर गेलो. याडी आता पार वाकली होती. मी सांगितलं. ती उंबऱ्यावर येऊन बसली. मीही बसलो. दिवस कलायला लागला. शेजारपाजारच्या धुराड्यांतून धूर निघू लागला. याडीची सून सरपण घेऊन आत जायला लागली तशी म्हातारीने हात आडवा केला आणि तिला थांबवलं. थोड्या वेळाने शेजारची बाई फडक्यात भाकरी आणि पिठलं घेऊन आली आणि ठेवून गेली.

नात शाळेतून आली होती. चांगली धडधाकट, दोन वेण्या घातलेली. तिने आत डोकावून बघितलं आणि विचारलं, "आजी, आज आपली चूल काहून पेटवली न्हाई?"

म्हातारी म्हणाली, "आपल्या घरातलं माणूस गेलं, बाई."

मी त्यांच्या सख्ख्या मेव्हणीचा नवरा. त्या तीन दिवसांत मला रडू आलं नव्हतं. त्या उंबऱ्यावर बसून मात्र मी पोटभर रडलो, आणि मग याडीने पुढे केलेली अर्धी भाकरी खाऊन शेवटच्या जीपने घरी आलो.