थावराच्या पायावर कोण बसलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. शेजारच्या थावराचा पाय जमादारानं मोडला, असं अख्खा तांडा समजतो. तो माझ्या गुडघ्याखाली मोडला.

हिंगोली-वाशीम रोडवरच्या ढाब्यात मी भट्टीवर रोट्या लावायचो. बाहेर खाटेवर पाटील आणि त्यांची माणसं चहा पीत होती. पोलिसांची गाडी थांबली, जमादार उतरला. समोरच्या कपाशीतून एक माणूस पळत सुटला. पाटील उठायला लागले.

"पाटील, तुमी कशाला? बसा, चहा घ्या," जमादार म्हणाला. मग माझ्याकडं बोट. "ए रोटी! चल, पकड त्याला."

"साहेब, भट्टी पेटलीय."

"पोलिसानं मदत मागितली की करावी लागती. कायदा हाय. का तुलाच घालू गाडीत?"

खाटेवरचा एक हसला. "न्या त्यालाच. ह्यांना पळायचं बराबर जमतं."

मी पिठाच्या हातानं पळालो. कपाशीत त्याला पालथा पाडला. जमादार खांद्यावर, मी पायावर. तोंड मातीत होतं, पण ओरडला तेव्हा कळलं. थावरा.

पोलिसांची गाडी दिसली की आमच्या तांड्यातला माणूस पळतो. काही केलेलं नसलं तरी. आजा पळायचा, बापही पळायचा. जमादाराला एवढंच सांगायचं होतं. नाही सांगितलं. उलट जोर लावला. मी ह्यांच्यातला नाही, हे खाटेवरच्यांना दिसावं म्हणून. पाय कडकन वाजला.

"शाबास," जमादार म्हणाला.

गोड लागलं मला ते. ती गोडी आठवली की अजून माझा मलाच संशय येतो.

पोलीस ज्याला शोधत होते तो, पाण्याच्या मोटारी चोरणारा, दुसऱ्याच गावात सापडला. थावराला सोडलं. दवाखान्यात त्यानं मला विचारलं, "पायावर कोन बसलं होतं रे?"

"जमादार," मी म्हणालो.

तेव्हापासून तो लंगडतो. खाटेवरच्यांपैकी कुणी माझ्याकडं बघून हसलं की वाटतं, यानं थावराला सांगितलं असेल. थावरानं हाक मारली तरी तेच वाटतं.

परवा तीच गाडी आली. खाटेवर तेच पाटील.

"ए रोटी, चल. एकाला धरायचंय."

माझे पाय निघाले होते. मी ते थांबवले.

"कायदा सगळ्यांना हाय ना साहेब? मंग आधी पाटलांना उठवा. त्यांच्या मागं मी येतो."

"लई शाना झाला का रे?"

"काहून? पाटलांना कायदा लागत न्हाई का?"

पाटलांचा कप तोंडाशीच राहिला. कुणी उठलं नाही. मीही नाही. जमादार शिवी देऊन गाडीत बसला. तो परत येईल. येऊ दे. मी पळणार नाही, आणि एकटा जाणारही नाही.

पण हे जमादाराला बोललो. थावराला अजून बोललो नाही. त्याच्या दारात उभं राहून, त्याच्या बायकोसमोर, 'पायावर मी बसलो होतो, आणि तूच आहेस हे मला माहीत होतं,' एवढं सांगायचं माझ्याकडं बाकी आहे.